खुणेतला ण

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मधे मधे मला थांबवणार नाही.

आधी माझं मराठी कसं आहे ते ऐका. शुद्ध आहे. हो, स्वतःच्या तोंडाने सांगतेय, मग? उल्हासनगरला लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये मी मजकूर जुळवते. शेठ सिंधी, काना-मात्रा त्यांना कळत नाही, पण पत्रिका मशीनवर चढायच्या आधी ते एकच विचारतात— “बाई ने देखा क्या?” बाईने बघितलं की विषय संपला. चि. सौ. कां. मधल्या ‘कां’वर अनुस्वार असतो, हे आजकाल किती जणांना ठाऊक आहे, सांगा बरं?

आणि मोबाइलवर लोक काय लिहितात, बाई बाई! ‘हार्दीक’, ‘भावपुर्ण’, ‘स्वातंत्र्य दीन’. अरे, स्वातंत्र्य आणि दीन? आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी असं काही टाकलं की मी लगेच खाली चांदणी काढून बरोबर शब्द लिहायचे. भाचेकंपनी मला चांदणीआत्या म्हणायची. चिडवायला म्हणायची, कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

हा ण मला कोणी आंदण दिलेला नाही. अंबरनाथच्या कडेच्या गावातलं आमचं घर, आणि घरात ण नव्हताच. पानी, लोनी, आनि. आई तशी बोलायची, माझा दादाही तसाच. शाळेत बाईंनी मला उभं करून ‘पाणी’ म्हणायला लावलं, मला जमेना, आणि वर्ग खिदळला. मग घरी हंडे भरताना जीभ वळवून वळवून तो ण मी कमावला. हे कारण म्हणून सांगत नाहीये हं. हसणं कसं लागतं ते मला चांगलं माहीत होतं— म्हणजे मी जास्तच वाईट, नाही का?

तर, दादा. दादा बदलापूरला मांजर्लीत राहायचा, तळमजल्यावर. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली. दिवाण, फ्रीज, वहिनीचं शिलाई मशीन, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर दादाने उरलासुरला ऑइलपेंट शोधला आणि जिन्याजवळच्या भिंतीवर लाल रेघ मारली. इथवर आलं होतं, म्हणून. पुढे बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की दादा त्याला हाताला धरून त्या भिंतीला उभा करायचा. रेघ त्याच्या छातीला लागली की स्वारी खूश! गाडी खाली लावू नका बरं का, असं चार चारदा बजावायचा.

मग दादा गेला. आजारी पडला आणि महिन्याभरात गेला.

वर्ष व्हायच्या आत बिल्डिंगला रंग लावायचं ठरलं. वहिनीला एकच धास्ती— रेघ जाणार. तिला सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं होतं. आयुष्यात चार ओळी कधी लिहिल्या नव्हत्या तिने. तरी एका बोटाने टाइप केलं आणि आधी मला पाठवलं. मलाच, कारण घरात शुद्ध लिहिणारी मी. सोबत लिहिलं होतं, ताई, बरोबर हाय का बगा, मंग टाकते.

मजकूर मला पाठ आहे. ‘रंगकाम करनाऱ्यांना विनंती. जिन्याजवळची लाल रेघ पुसू नये. ती आमच्या ह्यांनी केलेली खून आहे. बघितली की ह्यांची आठवन येते.’

खून. ह्यांनी केलेली खून!

मी हसले. प्रेसमध्ये, एकटीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग— कसं सांगू? जन्मात पहिल्यांदा मी चूक दुरुस्त केली नाही. त्या शब्दात एकच अक्षर बदलायचं होतं. न काढून ण. पण मग गंमत गेली असती ना! मी वहिनीला उलट लिहिलं, “छान आहे, टाक.”

लोकांच्या चुका दाखवून हसायचा एक ग्रुप आहे, हजारो लोक आहेत त्यात, आणि तिथे माझा मान होता. वहिनीचं नाव खोडून मी तो मजकूर तिथे टाकला. वर लिहिलं— खुनाचा पुरावा नष्ट करू नये, अशी पत्नीची नम्र विनंती. काय दाद मिळाली म्हणून सांगू! दिवसभर मी फोन खाली ठेवला नाही. प्रत्येक शाबासकीला मी फुगत होते. दादाच्या रेघेवर.

आपली गावं ती केवढी? फिरत फिरत तो मजकूर मांजर्लीत, त्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर पोचला. नाव खोडलेलं असून उपयोग काय, वहिनीने तोच मजकूर तिथे आधी टाकला होता, आणि भिंत तर समोरच होती. जिन्यात लोक वहिनीला विचारायला लागले, काकी, कोणाचा खून केला काकांनी?

वहिनीचा फोन आला. बिल्डिंगमधल्याच कोणी मेल्याने केलंय, म्हणाली. रडत होती. आणि रडता रडता माझीच समजूत घालायला लागली— “तुमी मनाला लावून घेऊ नका ताई. तुमच्यापन नजरेतून सुटलं, मंग माजा काय!”

तेव्हा मला काय लागलं, सांगू? तिचं रडणं नाही. माझ्या नजरेतून चूक सुटली असं तिला वाटलं, ते लागलं. जिभेवर आलं होतं, अगं, मला दिसली होती! गिळलं. “होतं असं कधी कधी,” म्हणाले.

रंगवाले आले तेव्हा वहिनीने स्वतः बाहेर येऊन त्यांना सांगितलं, पुसा ती रेघ. दोन हात मारा.

दादाच्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा भिंत बघितली. पिवळसर, गुळगुळीत. नवे भाडेकरू तिथेच खाली स्कूटर लावतात. मी हात लावून अंदाज घेतला, इथवर असेल, की इथवर? वहिनी दारातून बघत होती. हल्ली ती नातेवाइकांच्या ग्रुपवर एक शब्दही लिहीत नाही. दादाच्या फोटोखालीसुद्धा नुसते जोडलेले हात टाकते.

प्रेसमध्ये शेठ अजून विचारतात, बाई ने देखा क्या. मी अजून ताठ मानेने हो म्हणते, आणि पत्रिकेत चूक निघत नाही. त्या दिवशीही माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, वहिनी. पहिल्याच वाचनात दिसलं होतं.