मुंगीचा आवाज

आमच्या शेजारच्या खोलीतली सिस्टर रात्रपाळीची नर्स. सकाळी आम्ही भांडी घासत असतो तेव्हा ती बूट हातात धरून जिना चढते आणि दुपार कलेपर्यंत झोपते. नवरा ट्रकवर, उगवेल तेव्हा उगवेल. खोली एकच. तिची झोप, सासूबाईंचा स्वयंपाक आणि लेकीचा खेळ, सगळं तिथेच मावायचं. म्हणून आजीने नातीला रांगती असल्यापासून एकच शिकवलं. शू, आई झोपलीय.

पोर इतकी गुणी की विचारू नका. खेळातली भांडीसुद्धा फडक्यावर मांडायची, वाजू नयेत म्हणून. काही हवं असलं की आजीच्या कानाला तोंड लावायची. पाऊलही वाजायचं नाही, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. अख्खा जिना तिचं कौतुक करायचा. यात काही बिघडतंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

यंदा सासूबाईंचे गुडघे पार गेले. पोरीमागे धावणं होईना. कोपऱ्यावरच्या बालवाडीत मुंगीचं नाव लागलं तर ठीक, नाहीतर सिस्टरला घरी बसावं लागणार होतं.

"नोकरी सोडून ट्रकवाल्याच्या भरवशावर बसू का काकू?" ती मला म्हणाली. "त्याचा भरवसा म्हणजे पंक्चर झालेलं चाक."

बालवाडीत तिच्याबरोबर मीही गेले. मोठ्या बाईंनी नाव विचारलं. मुंगीचे ओठ हलले. बाईंनी कान पुढे केला.

"जरा मोठ्याने, बाळा."

पुन्हा नुसते ओठ. चेंडूचा रंग विचारून झाला, मग मांजर कसं ओरडतं ते. मुंगीने मांजरही कुजबुजून दाखवलं.

"हिला बोलता येतं ना?"

"घरी सगळं बोलते हो," सिस्टर म्हणाली.

"सगळ्या आया हेच सांगतात. आधी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वर्षी बघू."

सिस्टरने हात जोडले, गयावया केली. शेवटी बाई आठवड्याने पुन्हा आणा म्हणाल्या.

तो आठवडा वाईट गेला. "ओरड बघू, ओरड!" आजी म्हणायची, आणि मुंगी अंथरुणाकडे बघायची. सिस्टर उठून बसायची. "बघ, मी जागी आहे. ओरड." मुंगी जवळ जायची, आईच्या डोळ्यांवर तळहात ठेवायची आणि कानात म्हणायची, "झोप ना गं." सिस्टर भिंतीकडे तोंड करून पडायची. झोप कसली लागतेय? मी रोज देवापुढे उभी राहिले की त्या पोरीसाठी एक आरोळी मागायचे. दुसरं काही नाही.

ठरल्या दिवशी मुंगीला मी घेऊन गेले, सिस्टर कामावरून थेट बालवाडीत आली. आमचा नंबर यायचा होता. बाकावर बसल्या बसल्या तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मी हलले नाही. समोर पोरांची रांग. त्यातल्या एका गुटगुटीत मुलाने भोकाड पसरलं, त्याचं बघून दुसऱ्याने. मुंगीने ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावलं. कोण ऐकतंय? मग ती बाकावरून उतरली, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि छाती भरून ओरडली,

"गप्प बसा रे सगळे! माझी आई झोपलीय!"

गुटगुटीत पोराचं रडणं जागीच थांबलं. मोठ्या बाई दार उघडून बाहेर आल्या. सिस्टर दचकून उभी राहिली.

"काय झालं? कुठला पेशंट?"

आईचे डोळे उघडलेले पाहिले मात्र, मुंगीने दोन्ही तळहात तोंडावर दाबले.

"हीच ना ती?" बाईंनी विचारलं. "आत आणा. नाव लिहून घेते."

सिस्टरने ते बहुतेक ऐकलंच नाही. ती गुडघ्यांवर बसून लेकीचे हात सोडवत होती. "अगं, ओरड. पुन्हा ओरड गं बाई. मी नाही रागावले." हात काही सुटेनात. शेवटी तशीच उचलून आत घेऊन गेली.

दार लोटलं गेलं. देवाचे आभार मानायला मी हात जोडले खरे, पण लक्ष लागेना. आतून बाईंचा आवाज येत होता, मधूनच सिस्टरचा. तिसरा येतो का म्हणून मी कान लावून बसले.