मंदीचे मानकरी

पंढरीनाथ सुर्व्यांना मंदी इतरांपेक्षा सहा वर्षं आधी कळली. अंधेरीच्या कंपनीने त्यांना निवृत्ती घ्यायला लावली. मिळालेले पैसे त्यांनी जादा व्याजाच्या मोहाने एका सहकारी बँकेत ठेवले आणि बँकेने आठ महिन्यांत शटर खाली ओढलं. तेव्हापासून या देशाचं काही खरं नाही, हे त्यांचं मत कायम झालं.

पेणकरपाड्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक फळा आहे. इतर सोसायट्या त्यावर सुविचार लिहितात. आमचा खडू पंढरीनाथरावांच्या हाती. 'नोकऱ्या जाणार. जपून.' असा मजकूर रोज सकाळी सात वाजता सुवाच्य अक्षरात हजर. एकदा तर त्यांनी पाणी बंद असल्याची सूचना पुसून तिथे खनिज तेलाचा भाव लिहिला. अख्खी बिल्डिंग बिनआंघोळीची ऑफिसला गेली.

त्यांचं घर मात्र चालायचं बायकोच्या, सुचेतावहिनींच्या पोळी-भाजीवर. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी बावीस घरं, बावीस डबे. दुसरी कमाई नव्हती. नवरा फळ्यावर भविष्य लिहायचा, बायको पोळपाटावर वर्तमान लाटायची.

दोन हजार आठच्या दिवाळीत टीव्हीवालेही पंढरीनाथरावांसारखं बोलू लागले. सोसायटीच्या सभेत त्यांना प्रथमच खुर्ची मिळाली, माइकही मिळाला. पाऊण तास बोलले. "जे घरी करता येतं, त्याला बाहेर पैसे मोजू नका!" या वाक्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत सुचेतावहिनीही कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची ममता दारात. "काकू, एक तारखेपासून डबा नको हं. काका बोलले ते एकदम पटलं."

संध्याकाळपर्यंत असे चौदा निरोप आले. त्यातला एक आमच्या घरचा होता, खोटं कशाला बोलू?

"अहो, भाषण फारच छान झालं तुमचं," वहिनी म्हणाल्या. "आठ डबे उरलेत. अजून एक ठोकून द्या."

पंढरीनाथराव हादरले. सकाळी त्यांनी फळ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, 'घाबरू नये. बाजार सुधारतोय.'

ममताचा नवरा चंदन बूट घालता घालता थांबला. "काका, तुम्ही असं लिहिताय? मतलब बहुत बडा लफडा है."

"अरे, खरंच सुधारतोय!"

"बघा, आता तर तुमचा आवाजपण कापतोय."

दुपारपर्यंत उरलेले आठही डबे बंद झाले.

डिसेंबरात वहिनी काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात चपात्या लाटायला लागल्या. सकाळी दहाला उभ्या राहायच्या, त्या दिवेलागणीपर्यंत. आम्हाला सांगितलं होतं, खारीगावला बहिणीकडे जातात, तिला बरं नसतं. पंढरीनाथरावांनीच तसं सांगितलं होतं. खरं आम्हाला फार उशिरा कळलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीने वर्गणी काढून पंढरीनाथरावांना शाल-नारळ दिला, दूरदृष्टीबद्दल. वर चंदनने जाहीर केलं, "आज सुट्टी आहे, काकांना पार्टी!" त्यांनी किती नाही म्हटलं, तरी धरून रिक्षात बसवलं.

आमच्या तीन रिक्षा काशीमीऱ्याच्या त्याच हॉटेलसमोर थांबल्या.

"इथं नको," पंढरीनाथराव म्हणाले. "फार महाग आहे."

सगळे खो खो हसले. "काका काही सुधारायचे नाहीत!"

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मंदी असेल असं वाटत नव्हतं. गरम चपात्या आल्या. ममताने घास घेतला आणि डोळेच मिटले. "अगदी काकूंच्या हातची चव! डबा बंद केल्यापासून अशी चपाती खाल्लीच नाही."

"मेरेको और दो मंगवा," चंदन म्हणाला. "काका, तुम्ही घ्या ना. तुमचाच तर सत्कार आहे."

पंढरीनाथरावांनी खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची पाठ होती. ते वळले नाहीत.

"मला भात सांगा," ते म्हणाले.