परक्या भाषेत निघालेला शब्द

यजमान गेल्यापासून माझं देवाशी बोलणं बंद झालं होतं. देवघरासमोर बसायचे, हातही जोडायचे, पण आतून काहीच यायचं नाही. कंपनीतली पाळी संपवून बजाजनगरला घरी येताना त्यांच्या गाडीला ट्रकनं धडक दिली होती. त्यानंतर सासूबाई आणि मी एकाच घरात राहून त्यांचं नावसुद्धा काढत नव्हतो. अनोळखी कुणी विचारलंच, तर मी सांगायचे, ते कंपनीत आहेत.

मी नर्स. परदेशात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वेळी बोलण्याच्या भागात माझी वाचाच बसली आणि नापास झाले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवाशी बोलत नाईस, नको बोलू. तिथल्या मास्तरणीशी तरी बोल, पोरी."

क्रांती चौकाजवळच्या केंद्रात, बंद खोलीत, पन्नाशीच्या एक बाई समोर होत्या. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विषय दिला: तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसाविषयी सांगा. माझे पती चांगले आहेत, असं मी इंग्रजीत म्हणाले आणि थांबले. वाक्य चुकलं होतं. 'इज' नाही, 'वॉज' हवं होतं. क्लासमध्ये घोटून घेतलेला साधा भूतकाळ, पण जीभ उचलेना. त्या क्षणी मनात कुणाला हाक मारली, मला सांगता येणार नाही. तो शब्द निघाला आणि त्यामागून सगळंच आलं. त्यांचं गाडीवर गुणगुणणं, तो ट्रक, शवागाराबाहेरचा बाक. मोडक्या इंग्रजीत, रडत रडत मी बोलत राहिले.

नियमाप्रमाणं बाई गप्प होत्या. रेकॉर्डिंग बंद झाल्यावर मात्र पाण्याचा ग्लास पुढं सरकवून हळूच मराठीत म्हणाल्या, "'होते' म्हणायला मलाही लई वर्षं लागली, ताई."

निकालात बोलण्यात पास झाले, लिहिण्यात थोडक्यात राहिले. पुन्हा बसायचं आहे. पण परीक्षेच्या त्या संध्याकाळी सासूबाई भाजी चिरत होत्या, तेव्हा मी शेजारी बसून म्हणाले, "आई, त्यांना वांगं आवडत नव्हतं."

त्यांनी विळी बाजूला सारली. म्हणाल्या, "लहानपणापासूनच नव्हतं आवडत."

मग आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो. मी देवाकडं काही मागितलं नव्हतं, मागायला शब्दच नव्हते. ते त्यानंच दिले. दुःख आजही तेवढंच जड आहे, पण आता ते त्याच्या पायाशी उतरवता येतं. पुन्हा उचलावं लागतं, तेही उचलते.