अण्णांची दोन रस्त्यांची जीप

अण्णा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस स्टिअरिंगचं नाव काढणार नाही. कसलं काय. निवृत्तीचे हार सुकतात न सुकतात तोच दारात एक जीप आली, तीही ट्रकवर बसून. स्वतःच्या चाकांवर यायची तिची ऐपत नव्हती. मूळ रंग कुठला ते कुणाला सांगता येईना, वरचा कापडी टप फाटलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाशी एवढं भोक की खालची जमीन दिसावी.

अण्णांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "एक म्हातारं घरात बसणार म्हणून मी आधीच धास्तावले होते," ती म्हणाली, "तुम्ही त्याला जोडी आणलीत."

"चारही चाकं ओढतात हिची. गरज पडली की."

"मग ट्रकवर कशाला बसली होती?"

अण्णा सावकाश बॉनेट उघडून आत वाकले. घाई करायचा त्यांचा स्वभावच नव्हता. डेपोत त्यांना 'साय' म्हणायचे. ब्रेक असा दाबायचे की दुधावरची साय हलू नये. उतारू झोपलेले असायचे आणि गाव मागे पडलं म्हणून भांडायला उठायचे.

जीप आणली ती मात्र हौसेपोटी नव्हे. अण्णांची थोरली बहीण, आक्का, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. आक्काचा सगळा संसार डोंगरावर झालेला. तिथं आता तिची धाकटी जाऊ एकटी, चार कोंबड्या सांभाळत. ती खाली यायला तयार नाही आणि आक्काला वर जाता येत नाही. हायवेनं अर्ध्या दिवसाची वाट, बस फाट्यावर सोडायची, आणि पुढं ओढा, दगडगोटे आणि उभा चढ. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की आक्का बराच वेळ भिंतीकडं बघत बसायची.

"एकदा भेटवून आण रे," ती अण्णांना म्हणाली होती. "एकदाच. पुन्हा पुन्हा हाडं खिळखिळी करून घेण्याचं बळ नाही माझ्यात."

तर अण्णांना गाडी हवी होती ती हायवेला न थरथरता पळणारी, आणि शेवटी डोंगर चढणारीही. ही मागणी कशी, तर सुनेनं तोंडाला तोंडही देऊ नये आणि बाजारात कुणाला हारही जाऊ नये. जुनी जीप चढायला खमकी, पण हायवेला जरा पळवली की इंजिन किंचाळायचं आणि वस्तूनवस्तू नाचायची.

अण्णांनी अंगणातच कारखाना मांडला. इंजिन उतरवून धुतलं, ब्रेक बदलले, पायाशी पत्रा मारला. एका मोडक्या मोटारीचं हलकं स्टिअरिंग बसवलं. जुन्या बसमधल्या हातवाल्या दोन खुर्च्या आणून मागं ठेवल्या. चढायला पायरी केली, आणि ती किती खाली हवी यासाठी आक्काला उभं करून तिच्या गुडघ्याचं माप घेतलं.

"शिंप्याकडं पण एवढं माप देत नाही मी," आक्का म्हणाली.

राहता राहिला वेग. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यात एक दातेरी चक्र असतं. त्याला म्हणतात क्राऊन. अण्णांनी भंगारातून दुसरं, लांब पल्ल्याचं, म्हणजे इंजिन तेवढंच फिरून चाकं जास्त फिरवणारं क्राऊन मिळवून ते मागं बसवलं. गाडीचा नूरच पालटला. रोज सकाळी ते हायवेला एक फेरी मारून यायचे आणि आल्यावर उगाचच बायकोच्या हातचं काम करू लागायचे. ते बघून बायकोनं ओळखलं, साधलं म्हणायचं.

निघाले. अण्णा पुढं, मागं खुर्च्यांवर आक्का आणि बायको, मध्ये डबे. हायवेला आक्का चक्क घोरली. फाट्यावरून आत वळले, ओढा आला. अण्णांनी रुबाबात छोटा दांडा ओढला. आता चारही चाकं ओढणार.

गाडीला उचकी लागली. पुढून कुरकुर, मागून धडधड, स्टिअरिंगनं हाताला हिसडा दिला आणि सगळं थंड.

अण्णा खाली उतरले, वाकून बघितलं आणि तसेच दगडावर बसले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मागचं क्राऊन बदललं."

"ते ठाऊक आहे. ते ऐकून ऐकून माझे कान किटले."

"पुढचं राहिलं."

पुढच्या चाकांनाही तसंच चक्र असतं. तेही बदलायला हवं होतं. पण जन्मभर बस हाकलेला माणूस. बसची पुढची चाकं नुसती वळतात, ओढायचं काम मागच्यांचं. हायवेलाही मागचीच ओढत होती. पुढच्यांची आठवणच झाली नाही. आता मागची म्हणत होती ढांगा टाक, आणि पुढची म्हणत होती बारीक पावलं.

नुसत्या मागच्या चाकांवर ओढा कसाबसा पार झाला, पण चढाला गाडीचा दम संपला. लांब पल्ल्याच्या चक्रात चढायची ताकद नव्हती. अण्णांनी चाकांना दगड लावले, गाडीखाली शिरले आणि मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच सोडवायला घेतला.

"पाना दे," ते खालून बायकोला म्हणाले.

"हा?"

"त्याच्या शेजारचा."

"सगळे शेजारीच आहेत, नीट सांगा."

शाफ्ट निघाला. आता पुढची दोन चाकं ओढणार, जुन्या खमक्या चक्रावर. ती ओढू लागली, पण चढावर सगळा भार मागं गेला आणि पुढची चाकं माती उकरत जागच्या जागी फिरली.

आक्का हळूच म्हणाली, "राहू दे रे. इथवर आले, तेवढं पुष्कळ झालं. तिला फोन करून सांगते."

तिनं डबा पिशवीत घालायला घेतला. अण्णांना तिच्याकडं बघवेना.

"पुढची चाकं नुसती खाजवतायत," बायको म्हणाली. "मी जाऊन बसू का बॉनेटवर? एरवी म्हणताच ना, मी भारी आहे म्हणून."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग चढाकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"बॉनेटवर नको," ते म्हणाले. "गाडीच फिरवू. तोंड खाली, पाठ वर. भार आपोआप पुढच्यांवर येतो."

"उलटं चढायचं?"

"डेपोत रोज बस उलटीच लावायचो की फलाटाला. तू मागं बघ आणि आवाज दे."

गाडी वळवून आणि आक्काला खुर्ची घट्ट धरायला लावून अण्णांनी रिव्हर्स टाकला. पुढची चाकं जमिनीला अशी चिकटली, जसं काही झालंच नव्हतं. बायको मागं तोंड काढून पत्र्यावर थापा मारत होती. "येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडं. माझी डावी हो. दगड आहे, थांबा. हां, येऊ द्या." बसवाल्याची बायको आयुष्यभर, पण कंडक्टर व्हायची पहिलीच वेळ. चांगलीच रंगली.

आक्काच्या समोर सगळी दरी उघडत गेली. ओढा, फाटा, हायवेची रेघ. "अरे, असंच दिसायचं मला," ती म्हणाली, "लाकडं घेऊन उतरताना." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

वर धाकटी जाऊ अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. आधी जीपची पाठ आली, मग थापा मारणारी बाई, आणि मग आत बसलेली आक्का.

"जाऊबाई," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आलात का निघालात?"

"आलेय गं. वर ये."

उतरायचं आक्काच्या मनातच येईना. धाकटी पायरीवरून चढून बायकोच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि तिनं आक्काचे हात धरले. मग एकदम दोघी बोलायला लागल्या.

अण्णा शाफ्ट परत जोडायला गाडीखाली शिरले. परतीला हायवे होताच.

"गाडी बरी आहे," वरून धाकटीचा आवाज आला. "पण उलटी का?"

"त्याला विचारू नकोस," आक्का म्हणाली. "सांगत बसेल. ते राहू दे, तू एवढी वाळलीस कशानं?"

वर पाय हलत होते तशी गाडी हलकेच डुलत होती. अण्णांचा शेवटचा नट राहिला होता. तो आवळायची त्यांनी काही घाई केली नाही.