गार न पडणारी ट्यूब

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण ते जेवताना, करमणूक म्हणून. राग मानू नका. तुमच्यातली बहुतेक भुतं अमावस्येला निघतात, निर्जन रस्त्यावर लिफ्ट मागतात आणि मागे वळून पाहिलं की नसतात... कामाच्या वेळेत, उजेडात, चार माणसांसमोर कुणी येत नाही. मी जामखेडची. वडील हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. शेजारच्या बाईच्या अंगात आलं तर आमचे वडील आधी तिला ताप आहे का ते विचारायचे. त्यामुळे 'असलं काही' मानण्याची आमच्या घरात सोयच नव्हती. आजही मी मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते मी चांगल्या उजेडात, पोटभर नाश्ता करून, पूर्ण शुद्धीत पाहिलं आहे.

मी बीएमएलटीच्या शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण. नातेवाईक याला 'डॉक्टरकीतलंच काहीतरी' म्हणतात. कॉलेज नगरला. (आता अहिल्यानगर. पाट्या बदलल्या, जिभेला अजून वेळ लागतोय.) शेवटच्या सहामाहीत आम्हाला बाहेर पोस्टिंग असतं. मला आणि माझ्या वर्गातल्या प्रियंकाला मिळालं तिसगावच्या पुढे, पाथर्डी रस्त्यावर, एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात. नाव देत नाही. लॅब म्हणजे एक खोली. पूर्वेला खिडकी, सिंक, रक्त फिरवायचं मशीन, लाकडी रॅक आणि घरगुती फ्रीज. लॅबचे प्रमुख साळवे सर, पन्नाशीचे. फार बोलायचे नाहीत, आणि बोलले तर बहुतेक 'आवरा' एवढंच.

ज्यांनी कधी रक्त काढलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. शिरेतून रक्त ट्यूबमध्ये येतं तेव्हा ट्यूब गरम लागते, माणसाच्या अंगाइतकी. पहिल्यांदा मुठीत धरली तेव्हा मला पाखराचं पिल्लू धरल्यासारखं झालं होतं, आणि मी ती पटकन खाली ठेवली होती. मग सवय होते. रॅकमध्ये ठेवलेली ट्यूब चहाच्या कपाच्या आधी गार पडते. नंतर ती फक्त नाव चिकटवलेली एक वस्तू असते. आमचं सगळं शिक्षण या वस्तूवर चालतं.

त्या दिवशी दवाखान्यात कार्यक्रम होता. ट्रस्टने रक्त तपासायचं नवं ऑटोमॅटिक मशीन घेतलं होतं आणि त्याचं उद्घाटन करायला साहेब येणार होते. कुठले साहेब हे महत्त्वाचं नाही, ते सगळीकडे सारखेच असतात. सकाळपासून मशीनला झेंडूचा हार. स्क्रीनवर हळद-कुंकू. ते नंतर स्पिरिटने पुसल्यामुळे प्रियंकाची बोटं दोन दिवस पिवळी राहिली. नारळ कशावर फोडायचा यावर ट्रस्टच्या दोन विश्वस्तांत मतभेद झाले आणि शेवटी तो आमच्या सिंकच्या कडेला फुटला. मला आणि एका नर्सला औक्षणाचं तबक घेऊन दारात उभं केलं. तीन वर्षं रक्तातल्या पेशी ओळखायला शिकल्यावर हेही एक कौशल्य लागतं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

मी तबक धरून उभी असल्यामुळे वॉर्डातली रक्तं काढायला प्रियंका एकटीच गेली. साळवे सरांनी तिला साहेब यायच्या आत सगळं उरकायला सांगितलं होतं. मग तिने, वेळ वाचावा म्हणून, ट्यूबवर नावं आधीच चिकटवली आणि ट्रे घेऊन गेली.

साहेब आले. त्यांनी अंगावर पांढरा कोट चढवला, एक रिकामी ट्यूब उजेडाकडे धरली आणि तिच्यात खोल काहीतरी दिसत असल्यासारखा चेहरा केला. फोटो निघाला. पुढे वॉर्डात जाऊन पेशंटना फळं वाटली, तिथेही फोटो. मग भाषण. मग गाड्या गेल्या, धूळ उडाली आणि आम्ही कामाला लागलो.

वॉर्डात सुनीता नावाची एक पेशंट होती. तिसगावजवळच्या वस्तीवरची, दिवस भरलेले, अंगात रक्त फारच कमी. दुपारी तिचं सिझेरियन ठरलं होतं. त्याआधी रक्ताची पिशवी हाताशी हवी होती, आणि आमच्याकडे रक्तपेढी नाही. अशा वेळी आम्ही पेशंटचं सॅम्पल नातेवाइकाजवळ देतो, तो नगरला जाऊन जुळणारी पिशवी घेऊन येतो. सुनीताचा भाऊ रामदास स्वतःचा टेम्पो घेऊन आला होता. लॅबच्या दारात, बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा पोटाशी धरून उभा.

मी सुनीताच्या नावाची ट्यूब उचलली. रक्तगट पाहिला, बी पॉझिटिव्ह. तिचं तपासणीचं कार्ड माहेरी राहिलं होतं, त्यामुळे ताडून पाहायला काही नव्हतं. गट चिठ्ठीवर लिहिला, ट्यूब पुन्हा रॅकमध्ये ठेवली... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बोटं गरम झालीत.

ट्यूब गरम होती. रक्त काढून, मधे अख्खा उद्घाटन समारंभ होऊन गेला होता.

पहिला संशय खिडकीवर. रॅक उन्हात असेल. नव्हता. ऊन केव्हाच सरकलं होतं. शेजारच्या ट्यूब हाताने पाहिल्या, सगळ्या गार. माझाच हात गरम असेल म्हणून नळाखाली धरला, पुसला, पुन्हा पाहिलं. ती ट्यूब तशीच, नुकतीच शिरेतून भरल्यासारखी. मी रॅकची जागा बदलली. मग ट्यूबची जागा बदलली. मग मला स्वतःचाच राग आला, म्हणून ती सरळ फ्रीजमध्ये ठेवली, सोबत दुसऱ्या चार ठेवल्या, आणि बाहेर येऊन रामदासला सांगितलं की थोडं थांबावं लागेल.

ते थांबणं मला आठवतं. बसवत नव्हतं. मी धुतलेल्या काचपट्ट्या परत धुतल्या. रामदास दर थोड्या वेळाने दारातून डोकावत होता. टेम्पो त्याने चालूच ठेवला होता, त्याची धडधड खिडकीच्या काचेत ऐकू येत होती. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही, तसं. पण काय राहिलं होतं?

फ्रीज उघडून पाचही ट्यूब बाहेर काढल्या. चार ट्यूबवर दव धरलं होतं. फ्रीजमधून काढलेल्या काचेवर धरतं तसं. पाचवी कोरडी होती.

मी प्रियंकाला हाक मारली. तिला काहीही न सांगता ट्यूब हातात दिली आणि लेबल वाचायला सांगितलं, एवढंच. तिने ती घेतली आणि म्हणाली, "ही आत्ता काढलीस? अगं मग मी सकाळी काढली ती कुठंय?"

मी तिच्या हातून ट्यूब घेऊन साळवे सरांकडे गेले. ते नव्या मशीनच्या पुस्तिकेत डोकं घालून बसले होते. मशीन अजून सुरूच झालं नव्हतं, आत काहीतरी अडकलं होतं, बहुधा झेंडूची पाकळी. मी म्हणाले, सॅम्पल बरोबर वाटत नाही, परत काढते. त्यांनी कारण विचारलं. आता 'गरम लागतंय' हे कारण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने सांगायचं नसतं. मी सांगितलं, गुठळी झालीय. आमच्या धंद्यात हे कारण सगळ्यांत सभ्य. सरांनी मान न उचलता हात हलवला.

रामदास मात्र तसा सोडणारा नव्हता. मी सुई-ट्यूब घेऊन वॉर्डाकडे निघाले तसा तो आडवा आला.

"ताई, अंगात रगत न्हाई म्हनून तर हितं आणलंय तिला. आन तुमी परत काढताय?"

मी म्हणाले, थोडंसंच लागतं.

"मघाशी बी थोडंच म्हनला हुतात. तुमच्या फोटोपायी सकाळ गेली. आता मी नगरला जानार कवा, येनार कवा? तिला काय झालं तर कुनाला इचारू, त्या हारवाल्या मशीनला?"

तो ओरडत नव्हता. हळू बोलत होता, बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचं सगळं खरं होतं. मी त्याचा वेळ घालवत होते, आणि कारण विचारलं असतं तर माझ्याकडे एका गरम ट्यूबशिवाय काही नव्हतं. एक क्षण वाटलं, द्यावी ती ट्यूब, जाऊ दे याला. खिशात ती होतीच. ॲप्रनच्या कापडातून मांडीला तिची ऊब लागत होती.

मी आत गेले.

सुनीता भिंतीकडच्या कॉटवर होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला तिचं नाव सांगायला सांगितलं. हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही, कारण दवाखान्यात आलेलं माणूस, त्यातून सासुरवाशीण, कशालाही 'व्हय' म्हणतं. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं आणि गावाचंही. मी रक्त काढलं, तिथेच कॉटजवळ उभं राहून लेबल लावलं. येताना तिने विचारलं, "लई उशीर न्हाई ना हुनार?" मी नाही म्हणाले.

लॅबमध्ये येऊन गट पाहिला. ओ पॉझिटिव्ह.

पुन्हा पाहिला. ओ. साळवे सरांना बोलावलं. त्यांनी पुस्तिका खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः केला. ओ. जुन्या ट्यूबमधून केला. बी. मग ते वॉर्डाकडे चालत गेले. चालत म्हणजे जवळजवळ पळत. आम्ही मागे.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. प्रियंकाने नावं कॉट नंबरप्रमाणे लावली होती. पण साहेबांचा फोटो खिडकीकडून चांगला येतो म्हणून सिस्टरने सकाळी पेशंट हलवले होते. गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी आलेली कौसल्या नावाची बाई, तब्येतीने बरी आणि फोटोत हसण्यासारखी, ती खिडकीजवळच्या सुनीताच्या कॉटवर. सुनीता भिंतीकडे, कौसल्याच्या कॉटवर. प्रियंकाने घाईत विचारलं, "सुनीता ना?" कौसल्या म्हणाली, "व्हय." नंतर तिला आम्ही विचारलं की असं का म्हणालात. ती म्हणाली, "मला वाटलं आज ह्या कॉटवरच्या बाईला सुनीता म्हनत्यात."

ती ट्यूब नगरला गेली असती तर तिथे काही चुकलंय हे कळायला मार्ग नव्हता. रक्तपेढी त्याच ट्यूबशी पिशवी जुळवून पाहते, आणि ती चोख जुळली असती. कौसल्याच्या रक्ताशी. मग दुपारी ती बी गटाची पिशवी ओ गटाच्या सुनीताला लावली असती. पुढचं पुस्तकात एका परिच्छेदात दिलेलं आहे. ताप, थंडी, लघवीतून रक्त... मी तो परिच्छेद परीक्षेला छान लिहिला होता.

रामदास नवी ट्यूब घेऊन गेला. आम्ही त्याला काय झालं ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही यावर साळवे सर आणि प्रियंका यांच्यात संध्याकाळपर्यंत वाद चालला. तो वेळेत परतला. मुलगी झाली. सुनीता चौथ्या दिवशी उठून बसली आणि फोटोसाठी वाटलेली सफरचंदं शिळी होती अशी तक्रार तिने केली, म्हणजे ती ठीक होती.

जुनी ट्यूब? ती मी खिशातून काढून सिंकजवळ ठेवली होती. नव्या सॅम्पलचा गट ओ आला त्यानंतर केव्हातरी तिला हात लावला. गार होती, इतर सगळ्यांसारखी. नेमकी कधी झाली, मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. विज्ञान शिकलेल्या माणसाने ते पाहायला हवं होतं.

कारणं मी सगळी शोधली आहेत. कौसल्याला ताप नव्हता. ट्यूबमधल्या औषधाने उष्णता येत नाही, आणि आली तर एकाच ट्यूबला का? फ्रीज चांगला होता, दुसऱ्या चार ट्यूब साक्षीला होत्या. माझा भास म्हणावं तर प्रियंकाचं वाक्य आडवं येतं. ती आता पुण्याला असते. विषय काढला की म्हणते, हो गं, गरम होती खरी, आणि लगेच दुसरं काही बोलते. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, खोलीचं तापमान नोंदवलं होतंस का.

आता मी नगरला एका लॅबमध्ये नोकरी करते. दिवसाला ढीगभर ट्यूब हातातून जातात. पाठवण्याआधी प्रत्येक ट्यूबला मी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करते, आई तापात कपाळाला हात लावते तसा. सोबतचे याला माझी सवय समजतात. इतक्या दिवसांत एकही ट्यूब पुन्हा तशी लागली नाही. सगळ्या गार.

याचा अर्थ त्या सगळ्या बरोबर होत्या, असं धरायचं का? तेवढं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.