डाव्या हाताची काडी

जेवण झाल्यावर मी गॅलरीत चटईवर आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ठरवून. उशाशी स्टीलच्या ताटात चाळीस काड्या आहेत. बांबूच्या, वीतभर लांब, एका टोकाला अणकुचीदार. आठवडाभर रोज थोड्या थोड्या करून मी त्या तासल्या आहेत.

आज सहा वाजता माझ्या नातीच्या, केतकीच्या, कॉलेजातली वीस माणसं घरी येणार आहेत. ती तिथे शिकवते, आता नोकरीत कायम झाली, त्याचा हा चहा. एक पदार्थ आजीने करायचा, असं तिनेच सांगितलं. चूल नाही, तेल नाही. काडीवर आधी तासगावचं द्राक्ष, मग पनीरचा तुकडा, मग पुदिन्याचं दुमडलेलं पान, शेवटी बुडाशी काकडी. वरून लिंबू, मिरपूड, चाट मसाला. "आणि काड्या दुकानातून आणू," केतकी म्हणाली. मी म्हटलं, बुरडाच्या घरात काड्या दुकानातून?

माझा मुलगा दिगंबर, केतकीचा बाप, मात्र काल गुपचूप एक पाकीट घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून गेला. मशीनवरच्या काड्या, सगळ्या सारख्या. "आई, कुणाच्या ओठात कुसळ गेलं तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं? संध्याकाळी मी बघतो. एक जरी खरखरीत निघाली, तर पाकीट फोडायचं."

कुसळाची भीती खरी आहे. पण त्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, जी तो बोलत नाही. काड्या छान आहेत, कुणी केल्या, असं कुणीतरी विचारेल, आणि मग आमच्या टोपल्या विणणाऱ्या बुरूड गल्लीचं नाव निघेल. ती गल्ली त्याने तीस वर्षांपूर्वी सोडली. त्याच्या घरात सूपसुद्धा प्लॅस्टिकचं आहे.

आणि मी जी बोलले नाही, ती गोष्ट अशी. बांबूला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे बाहेरची हिरवी, कठीण बाजू. पोट म्हणजे आतली पांढरी, मऊ बाजू. आमच्यात वस्तू पाठीची करतात. पहिल्या वीस काड्या मी पाठीच्याच केल्या. मग अंगठा ठणकायला लागला, आणि पुढच्या वीस मी पोटाच्या तासल्या. दिसायला फरक नाही. हाताला लागायलाही नाही. मी त्या एकात एक मिसळून टाकल्या.

खालच्या मजल्यावर कुणीतरी खोबरं खवत आहे. खर्र, खर्र. झोप आली की आवाज लांब जातात. हा जवळ येतो. खोबरं खवण्याचा आवाज असा नसतो, हा बांबूची कांब तासण्याचा आहे, असं मला वाटतं, आणि मी डोळे उघडते की मिटते ते सांगता येत नाही.

गॅलरीच्या टोकाला, कपडे वाळवायच्या दोरीखाली, आत्या बसली आहे. पाय पसरून, कांब पायाच्या बोटांत धरून, डाव्या हाताने कोयता चालवत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण सगुणा, आणि माझी सासू. तिला जाऊन सव्वीस वर्षं झाली. लग्नाआधी मी तिला अगं-तुगं करायची, लग्नानंतर अहो-जाहो. डावरी म्हणून बायका तिला नावं ठेवायच्या, पण तिच्या हातची दुरडी मिरजेच्या बाजारात लांबून ओळखू यायची. आमच्यात कुणाला सही येत नव्हती. टोपली उलटी करायची आणि शेवटची कांब कुठून कुठे खोचली आहे ते बघायचं. आत्याची उलट्या बाजूने खोचलेली असायची. तीच तिची सही.

"निजलीस व्हय भरदुपारी?" ती मान वर न करता विचारते.

"न्हाई आत्या. पाठ टेकलीया जरा."

"पाव्हणं यायच्यात म्हणं."

"व्हय. केतकीचं. तुमची पणती. कॉलेजात शिकवती."

"कुणाला?"

"पोरांना. मोठाल्या."

आत्याचा कोयता थांबतो. जरा वेळाने पुन्हा चालू होतो. एवढंच. तिला आनंद झाला की ती असंच करायची.

मग ती ताटातली एक काडी उचलते. "हे काय? टोचायला कुणाला?"

"खायाला."

"कळक?"

"बांबू न्हाई हो खायाचा. त्येला द्राक्ष लावायचं, काकडी लावायची. पाव्हण्यांनी काडी धरून खायाचं."

"का? हात न्हाईत त्यांस्नी?"

"हात खराब हुत्यात म्हणून."

"द्राक्षानं?" आत्या हसते. तिचा पुढचा दात नव्हता, तो आता आहे. "आन ह्ये पांढरं काय ठेवलंयस?"

"पनीर."

"नासल्यालं दूध! आमी मांजराला घालत हुतो. आता काडीवर चढून बसलंय म्हाराजावानी."

मलाही हसू येतं. मी द्राक्षाचा घड पुढे ओढते आणि तिला करून दाखवते. द्राक्ष देठाकडून टोचायचं, म्हणजे फुटत नाही. पनीर मधोमध, कडेला टोचलं तर फाटतं. पुदिन्याचं पान दुमडून. काकडीचा तुकडा साल ठेवून, म्हणजे खाली घसरत नाही. आत्या लक्ष देऊन बघते. मी सतरा वर्षांची असताना तिच्याकडे जशी बघायची, तशी.

"खाली काकडीची साल," ती म्हणते. "बुड घट. बरोबर केलंस."

तिने मला कधी बरोबर म्हटलं होतं, ते मला आठवत नाही. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते. आतून मात्र मी पुरती फुगलेली आहे.

माझे पाय गार पडतात. बघते तर गॅलरीत पाणी आहे, घोट्याएवढं. कृष्णेचं. कठड्याच्या जागी घाटाची पायरी आहे आणि पाण्यात बांबूच्या मोळ्या दगड ठेवून बुडवल्या आहेत, भिजायला. दोरीवरचे केतकीचे कपडे तसेच वाळत आहेत. आत्या ताटातल्या चाळीस काड्या एका ओंजळीत उचलते आणि पाण्यात धरते.

"आत्या, नगं!"

"का नगं?"

मी तिचा हात धरायला जाते.

"कोरडी काडी समद्यांचीच चांगली असती," ती म्हणते. "वली झाल्यावर कळतं."

ती हात वर काढते. वीस काड्या जशाच्या तशा आहेत. वीस काड्यांवर केस उभे राहिले आहेत, सुरवंटासारखे. बारीक, पांढरे, ओठात घुसणारे केस. ती त्यातली एक माझ्या पुढे करते.

"वठाला विचार."

हे तिचं नेहमीचं. बोटांना काय कळतंय, ती घट्टे पडून मेलेली असतात. कांब तासली की खालच्या ओठावरून फिरवायची. ओठ खोटं बोलत नाही. मी काडी ओठाला लावत नाही. लावायची गरज नाही.

"अंगठा दुकत हुता," मी म्हणते.

"माझा दुकत नव्हता?"

"तू कदी बोलली न्हाईस."

अहो-जाहो कुठे सुटलं, मला कळत नाही. तिलाही नाही, किंवा कळून ती सोडून देते.

"कुणाला बोलू? तुला? तू सतरा वर्साची, तुला रडायला यायचं कांब चिरताना. म्या दुकतंय म्हटलं असतं, तर तू कोयताच टाकून दिला असतास." ती केसाळ काड्या एकेक करून पाण्यात सोडते. त्या वाहत जातात. "लोकांनी बुरडाला काय बी म्हणू दे. पर ह्यांच्या सुपातनं धान्यात कुसळ आलं, असं आजवर कोन म्हनलं न्हाई. आन तू पणतीच्या पाव्हण्यांच्या वठात घालाय निगालीस."

मी खाली मान घालते. पाणी ओसरलेलं आहे. खाली फरशी आहे, बालवाडीची, आणि भिंतीवर फळा आहे. दुपारच्या वेळी इथे आमचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. लहान पोरांच्या छोट्या खुर्च्या होत्या, त्यावर आम्ही म्हाताऱ्या बसायचो. आत्या तसल्या एका लाल खुर्चीत बसली आहे, गुडघे हनुवटीला लागलेले.

"ह्ये कुठं आणलंस मला?"

"हितं मी शिकले, आत्या. एकसष्टाव्या वर्साला."

"काय शिकलीस?"

"अक्षरं. आता लिवती बी. पानच्या पानं लिवती."

ती माझ्याकडे बघते आणि मग फळ्याकडे. फळ्यावर माझ्या नावाची अक्षरं आहेत, हौसाबाई, माझ्याच हातची, मोठी, जरा वाकडी. आत्या उठते आणि दुसऱ्याची वीण बघावी तशी ती बघते. डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या.

"वरनं कांब घातलीया," ती म्हणते. "आडवी. म्हंजे खालचं सुटत न्हाई."

मला वर्गात बाईंनी शिरोरेषा शिकवली तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. टोपलीचा काठ. पण मी ते कुणाला बोलले नव्हते.

"ह्यातलं माजं कुठलं?"

"ह्यात न्हाई. थांब."

मी खडू घेते. स. गु. णा. वरून आडवी कांब घालते. तिचं नाव मी याआधी कधी लिहिलं नव्हतं. कुणी लिहिलं होतं की नाही, कोण जाणे. तिच्या आयुष्यात कागदावर तिचा अंगठाच लागत होता.

आत्या पुढे होते. बराच वेळ बघते. मग वाकून आपला खालचा ओठ फळ्याला लावते आणि नावावरून हळूच फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी खडू धरून उभी आहे. सत्तरीची मी, शाळेतल्या पोरीसारखी.

"खरखर न्हाई," आत्या म्हणते.

तिच्या ओठावर खडूची पांढरी रेघ आहे. ती पुसत नाही.

"जा आता. काड्या कर."

"ईस कमी पडल्या गं."

"एकुणीस," ती म्हणते. "एक मी केली न्हाई का, आल्यापासनं. का नुसतीच बसले हुते?"

खाली कुणीतरी खवणी आपटून खोबरं झाडतं, आणि मी जागी होते.

सव्वातीन वाजले आहेत. ताटात काड्या तशाच आहेत, कोरड्या, गुळगुळीत. माझी उजवी मूठ मिटलेली आहे. उघडते. आत एक काडी आहे.

ती पाठीची आहे. माझा बांबू दोन महिन्यांचा वाळलेला, पिवळा. या काडीच्या अंगावर अजून हिरवट कांती आहे. आणि तिचं टोक उलट्या तिरप्यात तासलेलं आहे. उजव्या हाताने तसा काप जात नाही. मी करून बघते, जात नाही. आमच्या घरात कुणी डावरं नाही.

मी सगळ्या काड्या तांब्यात भिजत घालते. पंधरा मिनिटांनी काढून ओठाला लावते. वीस खरखरीत निघतात. त्या बाजूला टाकते. अंगठ्याला चिंधी बांधते, उरलेला बांबू उभा चिरते आणि बसते. एकोणीस काड्या, सगळ्या पाठीच्या. अंगठा ठणकतो. ठणकू दे.

पाच वाजता दिगंबर येतो, पाकीट हातात घेऊनच. "भिजवल्यास कशाला?"

"ओल्याच व्हायच्या आहेत त्या. द्राक्षाच्या पाण्यानं, लिंबाच्या. निम्म्या मी पोटाच्या केल्या होत्या. त्या टाकल्या, बघ."

तो टाकलेल्या ढिगाकडे बघतो. मग खाली बसतो आणि, मी काही न सांगता, एक काडी उचलून डोळे मिटून खालच्या ओठावरून फिरवतो. दहा वर्षांचा असताना आजीच्या मांडीशी बसून फिरवायचा, तशी. मग दुसरी. मग तिसरी. एकही सोडत नाही. त्या सगळ्या नंतर गरम पाण्याने पुन्हा धुवाव्या लागल्या, हे सांगायला नको.

शेवटच्या काडीशी तो थांबतो. टोक उजेडात धरतो.

"ही कुणी तासली?"

"तूच सांग."

तो काडी माझ्या हातात परत देतो, दोन्ही हातांनी. पाकीट न फोडता खालच्या खणात टाकतो, आणि हात धुऊन काकडी चिरायला घेतो.

सहा वाजता ताटात एकोणचाळीस काड्या आहेत. केतकीने प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी ठेवली आहे. माझ्या चिठ्ठीवर तिने फळांच्या काड्या असं लिहिलं आहे. त्याखाली मी पेनने लिहिते: काड्या तासणाऱ्या, हौसा आणि सगुणा, बुरूड गल्ली, मिरज. वरून आडवी कांब घालते.

दिगंबर ती वाचतो. दारावरची बेल वाजते. तो चिठ्ठी उचलतो, मला वाटतं आता उलटी करेल. तो काकडीचा एक जाड तुकडा घेतो, त्यात डाव्या हाताची काडी उभी रोवतो, चिठ्ठी तिला टोचून ताटाच्या मधोमध ठेवतो, दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी, आणि दार उघडायला जातो.