भरतीने परत आणलेली पेटी

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाकी उंची, पगार आणि मिशा या सर्व बाबतींत तो मोठा. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून, तो कल्याणास रेल्वेच्या नोकरीत. त्याने तिथे तळ्याजवळ नवे घर घेतले आणि मला पत्र लिहिले, की आईस आता कायमची इकडे पाठवावी. पत्र मीच आईला वाचून दाखवले. 'कायमची' हा शब्द जरा पुटपुटत वाचला, पण तिचे कान तिखट.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. माळ्यावरच्या मोडक्या पेट्या आधी खाली काढ, एवढेच म्हणाली. मी ताडले, ही निघाली.

मोडकी वस्तू उकिरड्यावर फेकणे आमच्या आईला कधी खपले नाही. ज्या हातांनी ती घडवली त्या जातीच्या हातांत ती परत गेली पाहिजे, असा तिचा नेम. त्यातून पेटीबद्दल ती फार कडक. पेटीतून माणसाचा प्रपंच गावोगाव जातो, तिला चुलीत घालू नये, म्हणायची. त्याप्रमाणे गंजलेली पत्र्याची ट्रंक डबे करणाऱ्याकडे गेली आणि तिच्या रॉकेलच्या चार चिमण्या होऊन घरी आल्या. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग सुतार आला. माझी सागवानी पेटी, जी घेऊन मी शिकायला ठाण्यात आलो, तिच्या बिजागऱ्या गेल्या होत्या, तळ फुटला होता. आईने ती माझ्यादेखत फोडायला लावली आणि फळ्यांचे दोन पाट करायला सांगितले. कोणासाठी, असे मी विचारले. "कल्याणच्या घरी पाट नाहीत," ती म्हणाली.

धाकट्याची कातडी पेटी मात्र तिने ओटीवर ठेवली. ही त्याने मुंबईस शिकत असताना घेतलेली, विलायती कातड्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचे नाव. कुलूप तुटलेले, एक बाजू खचलेली. तरी आई तिला फडक्याने पुसत होती. माझी पेटी पंधरा वर्षांत कोणी पुसलेली मला आठवत नाही. रात्रीचे जेवण मला गेले नाही. बायको म्हणाली, पेटीला सवत समजून बसलेला पुरुष तिने प्रथमच पाहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो, तर आई देवळात गेलेली. मी पेटी उचलली, खांद्यावर घेतली, खाडीवर गेलो आणि दिली लोटून. मजेत हलत हलत ती आत गेली. पाणी चढते की उतरते हे पाहायचे असते, ही गोष्ट कचेरीच्या कुठल्याही दप्तरात लिहिलेली नाही.

सकाळी मी दात घासत होतो. चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण, आमच्या ओटीवरून वर्षानुवर्षे जाणारी, डोक्यावरून पाणी गळत दारात उभी. डोक्यावर पेटी.

"आये, तुमची पेटी खारीच्या पान्यान व्हावत व्हती. चोरानं नेलती काय?"

आईने तिला गूळ-पाणी दिले, पेटी उतरवून घेतली. मग माझ्याकडे वळली. तोंडात राखुंडी असल्यामुळे मला साळसूद चेहरा करता येईना.

"तू टाकलीस?"

"हो."

"का रे?"

"माझी फोडलीस आणि त्याची पुसून ठेवलीस. तू कायमची जाणार, मग ही तरी कशाला हवी इथे?"

आईने पेटीवरून हात फिरवला. खाऱ्या पाण्याने बाजूंचे कातडे फुगून सालपटासारखे सुटत होते.

"आज चांभार येणार होता," ती म्हणाली. "तुझ्या वहाणांच्या टाचा गेल्यात. कचेरीत जाताना तुझा पाय भुईला लागतो, ते मला दिसत नाही होय? त्याचं कातडं तुझ्या पायात, तुझं सागवान त्याच्या घरात. वेगळे राहता, तर एकाचं काही दुसऱ्याकडे असावं म्हणून."

"मला वाटलं..."

"तुझं वाटणं लहानपणापासून असंच. त्याला ताप आला की तू आपलं कपाळ चाचपायचास."

कल्याणास कायमचे राहायचे की कसे, हे तिने तोवर ठरवलेच नव्हते. आता तिथे जाऊनच ठरवीन म्हणाली, आणि त्याच आठवड्यात पाट घेऊन गेली. पेटीचा लाकडी सांगाडा झाकणासकट कोळणीने मागून नेला. त्यात तिच्या कोंबड्या बसतात. धाकट्याचे नाव झाकणावर अजून दिसते, हे सांगताना मला जितके वाईट वाटायला हवे तितके वाटत नाही.

दोन रविवार मी रुसून घरी काढले. तिसऱ्या रविवारी कल्याणास गेलो. घर खरेच चांगले होते. पाने मांडली तेव्हा आईने सागवानी पाट एक मला, एक त्याला दिला. माझ्या पाटाच्या कडेला लहानपणी मी चाकूने पाडलेली खाच होती, सुताराने ती तासलीच नव्हती. धाकटा आईला घराचे कौतुक ऐकवत होता, विहीर खोदायची म्हणत होता, माजघराशेजारची खोली तिच्यासाठी चुना काढून ठेवली म्हणत होता. मी भाताशी चाळा करीत होतो.

तूप वाढताना आई माझ्यापाशी थांबली.

"श्रावण सरला की मला न्यायला ये. गणपती तुझ्या घरी बसतो, माझ्यावाचून तुमचं काही व्हायचं नाही."

"आणि नंतर?" धाकट्याने विचारले.

"नंतर तिथेच. इकडे येईन अधूनमधून, पाहुणी म्हणून."

धाकट्याचा घास पानातच राहिला. त्याच्या तोंडाकडे मी एकदा पाहिले. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता, रोज आरशात दिसणारा. त्याला दोन गोड शब्द सांगणे माझे काम होते. मी मात्र मान खाली घातली आणि आणखी भात मागितला.